मोरनेक कुळाची ढाल फोडू नये

मी, लेओपोल्ड मोरनेक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार काल्टनश्लाग, निम्न ऑस्ट्रिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी काही चांगले लिहिलेले नाही. मागच्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. मागच्या आठवड्यात ते पुन्हा वाचले आणि मला स्वतःची लाज वाटली.

आधी नावाचा खुलासा. माझ्या भेटकार्डांवर 'रिटर फॉन मोरनेक' असे छापलेले आहे. सरदारकीच्या पदव्या रद्द करणाऱ्या सन १९१९ च्या कायद्याने आमचे 'रिटर' आणि 'फॉन' दोन्ही गेले, तरी मी कार्डे छापून घेतच राहिलो. उरलेली चुलीत घालावीत. गावात मला बॅरनसाहेब म्हणतात. आम्ही बॅरन कधीच नव्हतो, एक पायरी खालीच होतो, पण मी कधी कोणाची चूक सुधारली नाही. आमचा मूळपुरुष तुर्कांशी लढला असे आम्ही पाहुण्यांना सांगत आलो. जुन्या कागदांप्रमाणे तो मिठाच्या कोठारावर कारकून होता. त्याने फौजेला खारवलेले मांस पुरवले, आणि तेही तुर्कांचा वेढा उठल्यावर पोहोचले.

कलम १. घराच्या चार खोल्यांत मी राहतो. बाकीच्या खोल्यांत शेतकरी संघाचे बटाटे आहेत. भाडेपट्टा संपेपर्यंत बटाट्यांना हलवू नये. माझी स्वयंपाकीण रोझी हिने मागच्या दोन खोल्यांत मरेपर्यंत राहावे. चूलही तिचीच. तिने माझी तीस वर्षे बडबड ऐकली आणि निदान तेवढीच मला ऐकवली.

कलम २. निवृत्त कर्नल कुनो झाइट्लिंगर यांना दिवाणखान्यातला पेंढा भरलेला बगळा द्यावा. आमच्या कुळचिन्हावरचा बगळा म्हणजे बदक आहे, असे ते पत्ते खेळताना बावीस वर्षे म्हणत आले. त्यांनी आता तो रोज जवळून बघावा.

कलम ३. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

माझा थोरला भाऊ फर्डिनांड याने सन १९११ मध्ये खानावळवाल्याच्या मुलीशी लग्न केले. आमच्या कुळाची एक वही आहे. बरोबरीच्या घरातली बायको केली नाही, तर कुळप्रमुख त्या वहीत तसे लिहितो, आणि त्या माणसाचा व त्याच्या मुलाबाळांचा नाव, घर, चर्चखालच्या तळघरातली कबर या कशावरही हक्क राहत नाही. वडिलांनी तसे लिहिले. खाली दुसऱ्या मुलाची सही लागत होती, म्हणजे माझी. दादा वारसातून गेला की घर मला मिळणार होते. हे मला तेव्हाही कळत होते.

दादा दारात उभा होता. म्हणाला, "पोल्डी, सही करताना हात जरा थरथरला तरी मला पुरे."

हात थरथरला नाही. ती सही मी आजही बघतो. फार वळणदार आली आहे.

दादाने हौसेचे सुतारकाम आता रीतसर शिकून घेतले. आठ वर्षांनी कायदा आला आणि त्या वहीला रद्दीची किंमत उरली. मी नुसता मोरनेक झालो, तोही नुसता मोरनेक होता. त्याने दुकानावर 'मोरनेक, सुतार' अशी पाटी लावली. माझ्या घरापासून ते दुकान चार घरे सोडून आहे. चर्चला जाताना मी पलीकडच्या बाजूने चालत असे.

सन १९३३ च्या मार्चमध्ये दादा वारला. त्याचा मुलगा फ्लोरियान तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बापाची शवपेटी गाडीवर घालून तो चर्चपाशी आला. तळघराची किल्ली माझ्याकडे होती. आमच्या त्या तळघरात शवपेट्या ठेवायचे नऊ कोनाडे आहेत.

तो म्हणाला, "काका, बाबांना आत घ्या ना."

मी म्हणालो, "जागा नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही. आणि मी तुझा काका नव्हे."

दोन कोनाडे रिकामे होते. आजही आहेत. मी खोटे बोललो, भावाच्या प्रेताला ऐकू जाईल इतक्या जवळ उभा राहून. दादाला गावाबाहेरच्या दफनभूमीत भिंतीकडेला पुरले. फ्लोरियानने मला पुन्हा काका म्हटले नाही. तोही बॅरनसाहेब म्हणू लागला, आणि त्याच्या तोंडून ते मला नेहमी झोंबले.

कलम ४. आमच्याकडे कुळातला शेवटचा पुरुष मेला की त्याच्या कबरीवर कुळाची ढाल फोडतात आणि 'आज मोरनेक, यापुढे कधीच नाही' असे म्हणतात. मागच्या मृत्युपत्रात मी हा सगळा सोहळा माझ्यासाठी लिहून ठेवला होता. ढाल करून घ्यायला, निर्लज्जासारखा, फ्लोरियानकडेच गेलो. तालुक्यात दुसरा धड सुतार नाही.

त्याने सगळे ऐकून घेतले. "एका घावात फुटायला हवी ना, बॅरनसाहेब? मग मागून करवतीची खाच देतो. नाहीतर पाद्रीबाबा ठोकत बसतील आणि लोक हसतील."

महिन्याने ढाल आणून दिली. बगळा असा उतरला होता की कर्नलचेही तोंड बंद व्हावे.

"हा कुठं शिकलास?" मी विचारले.

"बाबांनी माझ्या पाळण्यावर कोरला होता. माझी पोरंही त्यातच झोपली."

तो गेल्यावर रोझी ताटे उचलता उचलता म्हणाली, "शेवटचे म्हणे! त्या सुताराच्या दोन्ही पोरांची नाकं बघा एकदा. आरशात बघितल्यासारखं वाटेल."

त्या दिवसापासून मला ढालीकडे बघवत नाही. म्हणून लिहून ठेवतो: मी शेवटचा नाही. ढाल फोडू नये. ती, वरील घर आणि कुळाची वही फ्लोरियानला द्यावी. वहीचे त्याने काय करायचे ते करावे, रंध्याच्या भुशाबरोबर जाळली तरी चालेल. दादाची नासपतीच्या लाकडी मुठीची पटाशी, तो घर सोडून गेला तेव्हा मागे राहिलेली, माझ्या टेबलावर आहे. चाळीसहून अधिक वर्षे मी तिने पत्रे फोडली. तीही त्याची.

कलम ५. फर्डिनांडला भिंतीकडून काढून तळघरातल्या एका कोनाड्यात ठेवावे आणि मला त्याच्या शेजारच्या दुसऱ्यात. हे फ्लोरियानला पटले नाही, तरी वरचे सगळे त्याचेच राहील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

लेओपोल्ड मोरनेक

साक्षीदार: आलोइस हुट्श्टोकर, पोस्टमास्तर, हेडविग ग्राबनर, शिक्षिका, योहान पिख्लर, चर्चचे घंटावाले.

काल्टनश्लाग, १४ नोव्हेंबर १९५८, सकाळी.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

साक्षीदार कॉफी पीत असताना रोझी म्हणाली, "सगळं झकास लिहिलंत. पण त्याला हे तुमच्या मढ्यानं सांगायचं का?" मला राग आला. मग तळघराची किल्ली खिशात घातली, ढाल काखेत मारली आणि रस्त्याच्या या बाजूने चालत गेलो.

फ्लोरियान रंधा मारत होता. मी सगळे सांगितले. त्याने ढाल घेतली, उलटी केली, खाचेवरून अंगठा फिरवला. "ही बुजवावी लागेल," म्हणाला. मग किल्लीकडे बघून विचारले, "जागा किती आहेत?"

"दोन."

"तेव्हाही दोनच होत्या?"

"हो."

त्याने ढाल भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "आणि आई?"

ती चार वर्षांपूर्वी गेली. दादाशेजारी, भिंतीकडेलाच आहे. सकाळी मी एवढे लिहिले, साक्षीदारांसमोर वाचून घेतले, आणि त्यात ती एकदाच आली, तीही खानावळवाल्याची मुलगी म्हणून. चार दिवस पश्चात्ताप करून मी तिला पुन्हा बाहेरच ठेवले होते.

"दोन्ही जागा त्यांना लागतील," तो म्हणाला.

"मग मी?"

"त्यांची जागा रिकामी होईल ना, भिंतीकडेची. दुपारी चांगलं ऊन येतं तिथं."

तो मला बॅरनसाहेब म्हणाला नाही. दुसरेही काही म्हणाला नाही. रंधा पुन्हा सुरू झाला.

सबब कलम ५ रद्द. त्याऐवजी असे वाचावे: तळघरातले दोन्ही कोनाडे फर्डिनांड मोरनेक आणि त्याची पत्नी तेरेझिया मोरनेक यांचे आहेत. मला भिंतीकडेला पुरावे.

लेओपोल्ड मोरनेक

साक्षीदार वरीलप्रमाणेच. काल्टनश्लाग, १४ नोव्हेंबर १९५८. सही करताना माझा हात थरथरला, हे साक्षीदारांनी पाहिले आहे.