हॉलची लेव्हल

३ फेब्रुवारी २०१९, रविवार
हॉलची जुनी फरशी उखडून झाली. खाली काँक्रीट. मधोमध उंचवटा, स्वयंपाकघराच्या तोंडाशी खळगा. तिथंच नागरत्ना पडली, खुब्याचं हाड मोडलं. खरी चूक चपलेची. पण बायको म्हणते जमिनीची, आणि आमची अख्खी विजयनगर कॉलनी तिच्या बाजूनं. जमीन तर जमीन.

डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चालायचं तर सपाट हवं. तोवर ती हूटगळ्ळीला, भावाकडे. तो व्यासराज म्हणाला, भावजी, चांगला मेस्त्री धाडतो. म्हटलं, सुम्ने, उगाच खर्च कशाला? जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. लेव्हल मला कोण शिकवणार? आधी लेव्हल, मग वर व्हिनाइल फ्लोअरिंग. युगादीच्या आत बायको घरात.

१० फेब्रुवारी
भाड्याचा ग्राइंडर आणून उंचवटा घासला. धुळीत देव्हारा दिसेना. वरच्या कमलाक्षीबाई खाली येऊन कन्नडमध्ये बरंच बोलल्या. सगळं समजलं. समजलं नाही असं दाखवलं.
उंचवटा गेला. तिथं आता खळगा आहे. ही प्रगतीच. आधी दोन तऱ्हेचे दोष होते, आता एकाच.

१७ फेब्रुवारी
नागरत्नेचा फोन. कधी येऊ? म्हटलं, पुढचा रविवार. ती म्हणाली, पडायच्या आधी जमीन नीट करा म्हणून सांगत होते तेव्हाही तुमचा पुढचा रविवारच असायचा.
दुखण्यातलं माणूस कडू बोलतं. मनावर घेतलं नाही. दुपारी जेवण गेलं नाही, ते धुळीमुळे.

२४ फेब्रुवारी, सकाळ
मुख्य दिवस. पातळ सिमेंटसारखं कंपाउंड मिळतं. ओतलं की आपलं आपण पसरून सपाट होतं. पिशवीवर सूचना: आधी प्रायमर लावा, पाणी मोजून घाला. भित्र्या लोकांची सोय. दार लावून घेतलं, दारापासून ओतत मागं मागं स्वयंपाकघरात आलो. आयतु! झालं काम.

दुपार
लाटा दिसतात. वाळताना बसतील.

२५ फेब्रुवारी
बसल्या नाहीत. दगड झाल्या. शिवाय थर जरा जाड पडला. पुढचं दार आत उघडणारं, ते आता उघडत नाही. तळमजल्याचा फ्लॅट, दुसरं दार नाही. सुतार बोलावला तर बातमी हूटगळ्ळीला पोचणार. नको. फ्लोअरिंग टाकल्यावर एकदमच बघू.
कमलाक्षीबाई खिडकीतून डबा देतात. हसत नाहीत. तेवढं बरं.

३ मार्च
व्यासराज आला. खिडकीबाहेर उभा. मेस्त्री आणलास काय, म्हणून मी ओरडलोच. तो म्हणाला, नाही भावजी. अक्का आता आमच्याकडेच राहते म्हणते. खालची खोली तिला दिली. कपडे न्यायला आलो.
म्हटलं, तिला सांग, आठवड्यात व्हिनाइल पडतंय.
तो माझ्याकडे न बघता म्हणाला, जमिनीचं नाही हो ते, भावजी.
गजांतली फट अरुंद. साड्या एकेक करून बाहेर दिल्या. रोजच्या कुठल्या, ठेवणीतल्या कुठल्या, मला माहीत नव्हतं. सगळ्याच दिल्या.

४ मार्च
नागरत्नेचा फोन. साड्या पोचल्या म्हणाली. जमिनीचं विचारलं नाही. मीच सांगितलं, एकदम सपाट झाली.
बरं झालं, म्हणाली. जपून चाला. आणि फोन ठेवला.