गांजाबद्दल डॉक्टरांचे खरे मत ऐकायला मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा, एथिक्स कमिटी,
सेंट ऑर्सन मुलांचे हॉस्पिटल, मिनेसोटा.

विषय : गांजाबद्दल एका तरी डॉक्टरचे स्वतःचे मत समोरासमोर ऐकायला मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २ नोव्हेंबर २००६ चे नकाराचे पत्र, जे मला मिळालेले नाही.

महोदया,

उलट्यांवर औषध म्हणून गांजा मिळावा हा माझा अर्ज आपण नामंजूर केला आहे. या राज्यात तसा कायदा नाही, हे आपले कारण बिनचूक आहे. मात्र आई पत्र वाचून दाखवत होती तेव्हा माझे डोके बादलीत होते. तरी ते पत्र मला पोचलेच नाही आणि तो अर्ज मी केलाच नव्हता, असे धरून पुढील मजकूर वाचावा.

१. अर्जदार कुश दिगंबर बोरवणकर, वय सतरा वर्षे नऊ महिने, उंची पाच फूट अकरा इंच, खोलीच्या दारावर जिराफाचे चित्र. आजार रक्ताचा कॅन्सर. आपल्या माहितीपुस्तिकेत 'स्वतःच्या भाषेत लिहा, भाषांतर आम्ही करून घेऊ' असे छापले आहे, म्हणून मराठीत लिहीत आहे. माझे आजोबा नागपुरात तहसील कचेरीत होते. मी दहा वर्षांचा होऊन इकडे येईपर्यंत त्यांनी मला रमी आणि अर्ज या दोनच गोष्टी शिकवल्या. रमीला इथे दुसरा माणूस मिळत नाही.

२. केमोनंतर माझ्या पोटात काही टिकत नाही. वजन सत्तेचाळीस किलो आहे. पंचेचाळीसच्या खाली गेले तर पुढची केमो लांबणार. गांजातल्याच द्रव्याची एक गोळी कायदेशीर आहे, ती मला दिली जाते. ती पोटात सरासरी अकरा मिनिटे राहते व त्यानंतर तितक्याच कायदेशीरपणे बाहेर येते.

३. कॅलिफोर्नियात डॉक्टरच्या शिफारशीवर गांजा मिळू शकतो. बाबांच्या कंपनीत तिकडे एक जागा आहे. गेलो तर ग्रीन कार्डची फाईल पुन्हा पहिल्यापासून. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. बाबा म्हणतात, "एक डॉक्टर माझ्या तोंडावर 'उपयोग होईल' म्हणू दे, मी उद्या सामान बांधतो." हे वाक्य ते दार लावून, आवाज बारीक करून म्हणतात, कारण गांजा हा शब्द व्हिसावाल्यांना ऐकू जातो अशी त्यांची समजूत आहे.

४. म्हणून मी एकेका डॉक्टरांना गाठले. मुख्य डॉक्टर म्हणाले, मुलांवर पुरेसा अभ्यास झालेला नाही. मी म्हटले, माझ्यावर करा. ते हसले आणि माझे गुडघे तपासले. गुडघ्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तुझ्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी आहेत की त्या पाल्यातली बुरशीसुद्धा महागात पडेल. ही बाब मला पटली; त्यांचे नाव कृपया चांगल्या यादीत टाकावे. तिसऱ्यांनी आधी पडदा ओढला आणि म्हणाले, "दोन-तीन मोठ्या मुलांना फायदा झालेला पाहिलाय, बट यू डिडंट हिअर इट फ्रॉम मी." त्यामुळे मी ते ऐकलेले नाही. हेच सगळे सकाळच्या राउंडला एकत्र आले, बाबांनी धीर करून विचारले, तेव्हा सर्वांचे मिळून एकच मत निघाले : "जेवण कसं चाललंय?"

५. घरचा सल्ला घ्यावा असे आपण सुचवाल. आईने महाराष्ट्र मंडळात मला कॅन्सर नसून पित्त झाल्याचे जाहीर केले आहे. लोक नजर लावतात, कीव करतात, असे तिचे म्हणणे. परिणामी माझ्या खोलीत मोरावळ्याच्या नऊ बरण्या आल्या. त्या आणणारे कोणी वर आले नाही, खाली रिसेप्शनवर ठेवून गेले. पित्त झालेल्या मुलाला भेटायला कोण कशाला येईल? मीही गेलो नसतो. मंडळातल्या प्रीताकाकूंनी बरणीवर चिठ्ठी लावली होती : "तिखट कमी खा रे, काकू म्हणून सांगते." काकू चांगल्या आहेत.

६. मंडळात खरी गोष्ट माहीत असलेला एकच माणूस आहे, डॉ. नरेंद्र पाटणकर, कारण ते याच वॉर्डात नोकरीला आहेत. गणपतीत ते माझे नरेंद्रकाका असतात आणि आरतीत माझ्याइतकेच बेसूर गातात. इथे ते डॉक्टर पाटणकर असतात आणि मला 'पेशंट' म्हणतात. गेल्या गुरुवारी मी त्यांनाही विचारले. ते दारात उभे राहिले, कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पाहिले आणि मराठीत म्हणाले, "हे बघ कुश, डॉक्टर म्हणून मला यावर बोलता येत नाही. पण काका म्हणून विचारशील तर..." एवढ्यात पेजर वाजला. ते गेले. आज सोमवार. अजून आले नाहीत. परवा लिफ्टपाशी दिसले होते, पण त्यांनी जिना घेतला.

७. ते वाक्य पुढे काय होते, यावर मी चार दिवस विचार केला. 'हो' असेल तर आम्ही जाऊ. 'नको' असेल तर बाबा रात्री झोपतील. 'मलाही माहीत नाही' असेल तरी चालेल. इतरांनाही माहीत नाही, पण तसे बसून कोणी सांगितलेले नाही.

तरी विनंती की, शुक्रवारच्या आत डॉ. नरेंद्र पाटणकर यांना पंधरा मिनिटांकरिता डॉक्टर या पदावरून कार्यमुक्त करावे, व तेवढ्याच मुदतीसाठी खोली क्रमांक ३१२ मध्ये अर्जदाराचे काका म्हणून प्रतिनियुक्तीवर पाठवावे. सदर कालावधीत त्यांनी पेजर नर्सकडे जमा करावा, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसावे आणि वाक्य पूर्ण करावे. वाक्य लवकर संपल्यास उरलेली मिनिटे परत घेऊ नयेत.

आपल्या तिसऱ्या मजल्यावरचा,
कुश दि. बोरवणकर
(सही अजून तीन महिने ग्राह्य नाही)
दि. १३ नोव्हेंबर २००६