सहीतली पहिली वेलांटी

आधी एक सांगून टाकते, नमस्कार मागाहून. थोरल्याला मास्तरकी लागली त्या दिवशी त्याने घरपट्टीच्या पावतीवरची माझी सही लाल पेनाने दुरुस्त केली. पाहुणे बसले होते. "आई, शेवटची वेलांटी दुसरी असते," म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. पण बावीस वर्षं झाली, मी ते विसरलेले नाही.

आता नमस्कार. हे माझं मृत्युपत्र. वय एकोणऐंशी, शिक्षण तिसरी, धंदा कपड्यांना इस्त्री. मी हे स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत सांगते आहे. शुद्धलेखनाचं थोरल्याला विचारा. वकिलीणबाई टाइप करताहेत. यातलं बरंच काही मृत्युपत्रात बसत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, बाई, फी पानावर घेता ना? मग बसवा.

कलम एक, घर. दोन खोल्या आणि पुढची इस्त्रीची टपरी माझ्या स्वकष्टाची. ह्यांचा पगार यायचा, पण घरापर्यंत पोचेतो दमायचा. घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. विकायचं किंवा गहाण टाकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील आणि दोन्ही सुनांची लेखी संमतीही. धाकटा म्हणाला, "बायकांना कशाला मध्ये घालतेस?" तो ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याला गॅस सिलिंडर केवढ्याला येतो हे विचारलं. बायकोकडे बघायला लागला.

कलम दोन, डबे. फडताळात चार पत्र्याचे डबे आहेत. घरखर्च, शिक्षण, दुखणं, आणि चौथा 'न ठरलेलं'. पैसे आले की आधी चौथ्यात टाकायचे, मग बाकीच्यांत. उलटं केलं तर चौथ्यात काही पडत नाही, हे मी पहिल्या वर्षीच शिकले. पन्नास वर्षं लोकांचे खिसे तपासून इस्त्री फिरवली. ज्याच्या खिशात दुकानाची पावती घडी घालून असायची, त्याची बायको पैसे वेळेवर पाठवायची. ज्याच्या खिशात लॉटरीचं तिकीट असायचं, त्याच्याकडून मी आगाऊ घ्यायची. खिशात सापडलेलं सगळं परत केलं. तिकिटंसुद्धा. डबे धाकट्या सुनेला. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, पुड्यांवरच्या तारखा वाचायची सवय आहे. बाकीच्यांनी हिशेब बघावा, हात घालू नये.

कलम तीन, मोठी कात्री. ती समोरच्या शिंप्याकडे अकरा वर्षांपासून 'दोन दिवसांसाठी' आहे. ती त्यालाच दिली. दिली, हे त्याला दुकानात गिऱ्हाइकं असताना सांगावं. तो या कागदाला साक्षीदार व्हायला आला होता. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलीणबाई म्हणाल्या. शिंप्याने विचारलं, "मला काय मिळतंय?" मी म्हटलं, मेल्यावर कळेल.

कलम चार, ठेव. हे नीट वाचावं.

बँकेत माझी एक मुदत ठेव आहे. थोरल्याच्या मुलीला नर्सिंगला जायचंय, तिच्यासाठी ती मी बारा वर्षं वाढवत आणली. गेल्या साली थोरल्याच्या शाळेत एक सोनेरी चष्म्याचा माणूस आला. चौदा महिन्यांत दुप्पट, असं त्याचं गणित. शाळेतल्या निम्म्या मास्तरांनी पैसे घातले, थोरल्याने स्वतःची शिल्लक घातली आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"आई, तुझे पैसे बँकेत नुसते झोपलेत."

"झोपू दे. दमलेत."

"अगं, सगळे घालताहेत. मी एकटा मागे राहू का?"

"तो माणूस एवढा शहाणा आहे तर स्वतःचं घर विकून स्वतःचेच दुप्पट का करत नाही?"

त्याला राग आला. मी म्हटलं, महिनाभर थांब. पुढच्या महिन्याचं दूधबिल दिल्यावरही हे बरोबर वाटलं तर बोलू. आमच्या घरचा नियमच आहे तो. घाईने मागितलेला पैसा एक दूधबिल थांबवायचा.

तो थांबला नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, मी धाकट्याकडच्या खोलीत पडून. थोरल्याने कपाटातली ठेवीची पावती काढली, मुदतीआधी मोडायचा अर्ज भरला आणि खाली माझी सही केली. बँकेत सांगितलं, आईला पट्टी आहे, येता येत नाही, म्हणून अर्ज मी आणून दिलाय.

दुपारी बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीचा फोन. धाकट्या सुनेने माझ्या कानाला लावला.

"मावशी, ठेव मोडताय का? तुमची सही आज एकदम बरोबर आलीय."

मी म्हटलं, "मग ती माझी नाही."

तर त्या सहीबद्दल. लग्नानंतर ह्यांनी मला सही शिकवली. त्यांनी नावाच्या शेवटी पहिली वेलांटी काढली, मीही तीच गिरवली. त्यांनाच येत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा बदलायला बँकेत गेले, तर त्याच मुलीने सांगितलं, "बदलायचं तर फॉर्म, फोटो, सगळं नव्याने. आहे ती काय वाईट आहे?" म्हणून राहिली.

संध्याकाळी थोरला आला. बूटसुद्धा काढले नव्हते. मी विचारलं, "माझी सही तुला माहीत नव्हती?"

"माहीत होती."

"मग?"

"घरी दहा वेळा चुकीची काढून बघितली. पण खऱ्या अर्जावर पेन टेकवलं आणि हात आपोआप दुसरी वेलांटी काढून मोकळा झाला. बावीस वर्षं फळ्यावर तेच शिकवतोय ना."

मला हसू आलं. त्याला रडू आलं. चोरी करायलासुद्धा थोडं अशुद्ध लिहिता यावं लागतं. बँकेला मी कळवलं की अर्ज रद्द करा, घरातला गोंधळ आहे, घरात मिटेल. तीन महिन्यांनी सोनेरी चष्म्याच्या ऑफिसात गाद्यांचं दुकान लागलं. थोरल्याची शिल्लक गेली ती गेली. त्याच्या जुन्या कर्जाचा एक हप्ता मी चौथ्या डब्यातून भरला. तो डबा त्यासाठीच आहे.

हे इथे लिहू नका, मुलाची अब्रू जाईल, असं वकिलीणबाई म्हणाल्या. मी थोरल्यालाच बोलावून विचारलं. तो टेबलाच्या चादरीवरची सुरकुती हाताने सरळ करत बसला. मग म्हणाला, "लिही. पोरीला उद्या कोणी दुप्पट करून देतो म्हणालं, तर तिला हे आठवू दे." म्हणून लिहिलं. माझ्या लेखी ते मिटलं.

ठेव नातीला. पैसे तिच्या वडिलांच्या हातात न जाता थेट कॉलेजात भरावेत. व्यवस्थापक धाकटी सून. बँकेकडून फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगायचा नाही. मी फोन करून विचारला तरी नाही, कारण तोवर मी गेलेली असेन.

कलम पाच, कोळशाची इस्त्री. ती थोरल्याला. वापरू नये, जड आहे, पाय फुटेल. टेबलावर ठेवावी. कोणी सहीसाठी कागद पुढे केला की तो आधी तिच्याखाली ठेवावा, पुढचं दूधबिल देईपर्यंत.

कलम सहा. मी कोणाचं काही देणं लागत नाही. माझं देणं लागतात त्यांची यादी टपरीच्या दाराला आतून चिकटवली आहे. वसूल करू नये, पण यादी काढूही नये.

बाकी माझं चांगलं चाललंय. सकाळी चहा मिळतो, एका डोळ्याने स्वच्छ दिसतं, टपरीचं भाडं कोणाला द्यावं लागत नाही.

साक्षीदार: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (मी काय सही करते ते मला दिसतं, एवढं त्यांनी तपासून सांगितलं). बँकेतली काउंटरवरची मुलगी (आता तिचीही नात शाळेत जाते).

ठिकाण: इस्त्रीचं टेबल. तारीख: पाच मार्च, दूधबिल दिल्यावर.

सही केली आहे. शेवटी पहिली वेलांटी आहे. ही चुकलेली सही, हा कागद खरा नव्हे, असं कोणी म्हणालंच, तर डॉक्टरीणबाईंनी बोलू नये, वकिलीणबाईंनी बोलू नये. थोरल्याने उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं, की हीच बरोबर आहे.