भावनानं लिहिलं, शालूनं वाचलं

प्रिय सुमेधा,

कुणाचा फोन कुठं अन् किती वाजता लागला, हे तुला तिकडं नागपुरात पोलिसांच्या हापिसात पाठ असतं म्हणे. वडीगोद्रीला आजीचाही एक फोन आहे, तेवढं ध्यानात राहत न्हाई. म्हणून पत्र. शेजारची भावना लिहून राह्यली. झालं की पुष्पाबाईची सून शालू मला वाचून दाखवणार. दोघी नळावर भांडल्यापासून बोलत न्हाईत, म्हणून तर त्यांना निवडलं. हे वाक्यही भावनालाच लिहावं लागलं. तोंड बघायला पाहिजे होतंस तिचं.

ही सवय तुझ्या आजोबांपायी लागली. ते मुंबईला कामाला होते तेव्हा त्यांची पत्रं आपल्या गल्लीतला संपत वाचून दाखवायचा. एकदा आजोबांनी लिहिलं, तापानं पडलोय, ये. मी पोटुशी, घाबरेन म्हणून संपतनं ती ओळच गाळली. ते दोन महिने वाट बघत राह्यले, अन् मी इथं गोधडी शिवत बसले. बरे होऊन आले, पण मरेपर्यंत विचारायचे, आली का न्हाईस. संपत मायाळूच होता गं. पण त्याचं वाचलेलं तपासायला दुसरं कुणी नव्हतं.

तुझ्या आईनं सगळं सांगितलं. साहेब तोंडीच म्हणाले, एकाचा फोन ऐकायला घे, हुकूम मागून येईल. तू लेखी मागितलास, तेव्हापासून तुझ्यासंगं कुणी चहा पीत न्हाई. फोन कुणाचा ते आईलाही बोलली न्हाईस, बराबर केलंस. तुझं काम मी वाईट म्हणत न्हाई. उषाबाईच्या शेळ्या चोरून नेणारा टेम्पो फाट्यावरच्या कॅमेऱ्यानंच सापडला. बघावं लागतं, ऐकावंही लागतं. पण हुकूम कागदावर असला तर वरची समिती तो तपासते. तोंडी हुकूम कुणी तपासायचा?

राजीनामा लिहून ठेवलास म्हणे. त्याच्यासाठीच हे पत्र. फाडून टाक तो. तू उठलीस की त्या खुर्चीवर कागद न मागणारा बसेल. अन् तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या भुजंगनंही परवा लेखी हुकूम मागितला, हे तूच आईला सांगितलंस ना? मंग झालात की दोघं. माझं तर सगळं दोघींवरच चालतं. आता चहाला जोडीदारही मिळाला. संत्राबर्फीचे दोन डबे पाठव. एक माझा, दुसरा भावना-शालूत मिळून एकच. वाटून घेताना बोलल्या तर मला नवी वाचणारी शोधावी लागेल, तरी पाठव.

तुझीच,
केशरआजी