चार सारख्या डिशा

२८ मे २०२५, बुधवार

अपात्र. फीच्या मदतीचा माझा अर्ज ट्रस्टने एका शब्दात आटोपला. खाली कारण – ‘राहते घर : स्वतःचे, मुंबई.’

स्वतःचे! आहे ना. लालबागला, टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर. गुणाजी आजोबांची चाळीत एक खोली होती. गिरणी गेली, आजोबा गेले, मग चाळही गेली, आणि बिल्डरने आम्हाला उचलून वर आणून ठेवलं. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. ती कापून विकता येत नाही, हे त्या ट्रस्टला कोण सांगणार? बाबा कुरियरच्या ऑफिसात पार्सलं लावतात, आई साड्यांना फॉल-बीडिंग करते. मेंटेनन्सचं बिल आलं की दोघंही एकमेकांकडे न बघता जेवतात.

ऑप्टोमेट्रीला नंबर लागलाय माझा. डोळे तपासायचं शिक्षण. कोर्स सेल्फ-फायनान्स, म्हणून सरकारी योजनेच्या यादीत नाही. पहिला हप्ता मामाने भरला. बाकीची फी पंधरा जुलैच्या आत भरली नाही तर माझी सीट यादीतल्या पुढच्या मुलीला. त्या पुढच्या मुलीचा मी हल्ली फार विचार करते. तिचं घर भाड्याचं असेल का?

२९ मे, गुरुवार

कालचं अक्षर बघवत नाही. रागात लिहिलं की माझे सगळे ‘र’ आडवे पडतात.

२ जून, सोमवार

ध्रुव आला होता. बारावीला माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्यालाही फी जमवायची आहे, म्हणजे आम्ही समदुःखी. त्याने ट्रस्टांची यादी केली आहे, एकूण एकतीस. सगळे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. जिवंत माणसं फारशी कोणाची फी भरत नाहीत असं दिसतंय.

आणि सगळ्या जाहिरातींत तीच जोडी – ‘गरजू व होतकरू’. होतकरू सिद्ध करणं सोपं आहे, मार्कशीट जोडली की झालं. गरजू कसं सिद्ध करायचं? उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, वगैरे. पण तेवढ्याने भागत नाही. ध्रुव म्हणाला, “कागद सगळ्यांचेच सेम असतात गं. गरजू दिसावं लागतं. थोडी अ‍ॅक्टिंग कर.”

यादीत गिरगावातला एक जुना ट्रस्ट आहे. तो चारही वर्षांची फी देतो. दरवर्षी फक्त दोन मुलींना. अर्ज स्वतःच्या अक्षरात, मराठीत, आणि सोबत दोनशे शब्दांचा निबंध : ‘माझी परिस्थिती’.

दोनशे शब्द. आमची परिस्थिती तेवढ्यात बसेल, उलट थोडे उरतील.

५ जून, गुरुवार

निबंधाचा पहिला खर्डा वाचला आणि मलाच वाटलं, या मुलीचं बरं चाललंय की! बाबांची नोकरी, आईचं शिवण, माझ्या शिकवण्या. सगळे आपापलं काम करतायत आणि कोणी रडत नाही. अशाला कोण पैसे देईल?

मग वही घेऊन घरभर फिरले. घर तेवढं मोठं नाही, चार पावलांत संपलं. काही तरी केविलवाणं सापडतंय का ते बघत होते. स्वतःच्याच घरात चोरासारखं वाटलं. शेवटी स्वयंपाकघराच्या फळीवर सापडलं.

लिहिलं – ‘आमच्याकडे पाहुणे आले तर पोहे द्यायला चार सारख्या डिशाही नाहीत.’

खरंच नाहीत. एक हळदीकुंकवाच्या वाणातली, एक बाबांच्या ऑफिसातल्या पूजेची, दोन आईच्या लग्नातल्या, त्यातली एक चेपलेली. आजवर कधी खटकलं नव्हतं. कोणाला कुठली डिश, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. चेपलेली बाबांची. पण कागदावर आल्यावर एकदम गरीब दिसायला लागलं सगळं.

ओळ जमली! वाचणाऱ्याला वाईट वाटेलच. निबंध कोणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच नाही.

९ जून, सोमवार

ट्रस्टचं ऑफिस अकरा ते एक एवढंच उघडं असतं आणि तेव्हा माझ्या परळच्या शिकवण्या. म्हणून आई गेली. सगळे कागद फाइलमध्ये लावून दिले, निबंध सगळ्यात खाली. झेरॉक्स तीच काढणार होती.

परत आली, पोचपावती माझ्या हातात दिली आणि पाणी न पिता मशीनवर बसली. जेवतानाही गप्पच. गिरगावातल्या जिन्यांनी पाय दुखले असतील.

१५ जून, रविवार

फोन आला!! शेवटच्या पाच जणींत आहे मी. आता गृहभेट. पुढच्या रविवारी अकरा वाजता ट्रस्टी घर बघायला येणार.

ध्रुवला कळवलं. त्याचा लगेच सल्ला – टीव्ही शेजारी हलव, पडदे काढ, आईला जुनी साडी नेसायला सांग. टीव्हीचं आईला सांगून बघितलं. ती म्हणाली, “टीव्ही काढलास तर भिंतीचे खिळे दिसतले.” हे मात्र बरोबर आहे.

पण खरी भीती टॉवरची आहे. लिफ्टमधून वर येईपर्यंतच त्या लोकांचं मत ठरणार. लिफ्टला आरसा आहे. आरसा कसा लपवू?

२१ जून, शनिवार

भांडण झालं. लिहून काढते, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

संध्याकाळी शिकवण्यांवरून आले तर ओट्यावर डिशा. चार. स्टीलच्या, नव्यासारख्या, एकाच मापाच्या. मी विचारलं, कुठून आणल्या? आई म्हणे, मागून. चार वेगवेगळ्या घरांतून. शेजारच्या लक्ष्मीकाकींकडून एक घेतली, मग ती दाखवून त्याच मापाची आहे का विचारत तिसऱ्या मजल्यावर, मग अकराव्या, मग आणखी एका घरी. एवढ्या वेळा तिने आजवर कोणाची बेल वाजवली नसेल. चाळीत दारं उघडीच असायची, बेलचा प्रश्न नव्हता. इथे आल्यापासून ती म्हणते, कोणाकडे जायचं म्हणजे कोर्टात गेल्यासारखं वाटतं. आणि डिशांसाठी गेली!

शिवाय काजू आणले होते. ओला नारळ. सोफ्यावर लग्नातली चादर.

मी म्हटलं, “आई, ते आपल्याला मदत करायला येतायत. आपल्याकडे नाही हे बघायला येतायत. तू आहे आहे करून काय दाखवतेस?”

चिडली की तिची मालवणी सुरू होते. “माणसां येतत घराक, पोलीस नाय.”

“मग सीट गेली तर तू भरणार का फी?”

हे बोलायला नको होतं. ती नारळ खवत राहिली. बाबा म्हणाले, “क्षितिजा, पुरे.” पुरे तर पुरे.

मला बघायला पाहुणे यायचे असते तरी तिने एवढं केलं नसतं. चार डिशांसाठी चार घरं! आमच्या स्वतःच्या चार काय वाईट होत्या?

२२ जून, रविवार

गेलं सगळं. क्रमाने लिहिते.

दोघं आले. सुभद्राबाई विजयकर म्हणून ट्रस्टी, सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, हातात काठी, बोलणं एकदम शुद्ध. आणि त्यांच्याबरोबर हितेंद्र नावाचा माणूस, टॅबवर माहिती भरायला. दारातच तो म्हणाला, “सतरावा मजला. व्ह्यू मस्त आहे हो.” आणि काही तरी टाइप केलं.

मग प्रश्न. घर कोणाच्या नावावर, मेंटेनन्स किती, टीव्ही कधी घेतला. बाबा शाळेतल्या मुलासारखी उत्तरं देत होते, हात मागे बांधून. माझा निबंध सुभद्राबाईंच्या मांडीवरच्या फाइलमध्ये होता. माझं अक्षर मला लांबूनही ओळखू येत होतं.

आणि आई पोहे घेऊन आली. वर काजू, खोबरं, कोथिंबीर. चार सारख्या डिशांत.

मी जमिनीकडे बघत होते. सुभद्राबाईंनी एकदा फाइलकडे बघितलं, एकदा डिशकडे. पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. मग रिकामी डिश हातात धरून उलटी केली आणि चष्मा वर सरकवून मागचं नाव वाचलं. मोठ्याने!

“सौ. लक्ष्मी धोंडू परब.”

मग हितेंद्रची रिकामी डिश मागून घेतली. “बालविकास क्रीडा मंडळ.” बाबांची. “रघुनाथ साळसकर, वास्तुशांत.” चौथी माझ्या हातात होती, अजून भरलेली. त्यांनी हात पुढे केला नाही, पण माझ्या मनात आलंच, हिच्यामागे कोणाचं नाव असेल.

मागे नावं घातलेली असतात हे आईच्या लक्षातच आलं नाही. समोरून सारख्या दिसल्या ना, मग झालं! ती कानापर्यंत लाल झाली. बारा महिने शिवणाऱ्या बाईला उलटी बाजू दिसली नाही.

सुभद्राबाई म्हणाल्या, “वहिनी, टॉवरमध्ये आल्यावर शेजार उरत नाही असं मला वाटायचं. तुमचा शेजार चांगला आहे हो.”

आई म्हणाली, “आणखी थोडे देऊ?”

गेले ते. आता निबंध तरी खोटा ठरला, नाही तर आम्ही तरी. लिहिलंय डिशा नाहीत, आणि समोर डिशा, त्याही मागून आणलेल्या. पुढच्या मुलीला माझ्या शुभेच्छा.

२३ जून, सोमवार

आईशी बोलले नाही. ती बोलली, “भाजीत मीठ बघ.” बघितलं. बरोबर होतं.

२४ जून, मंगळवार

डिशा परत द्यायला मलाच पाठवलं. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून प्रत्येकीत दोन बेसनाचे लाडू. लाडू कधी वळले कोण जाणे, मी कॉलेजात फीची मुदत वाढवून मागायला गेले होते तेव्हा असेल. मुदत वाढवून मिळाली नाही.

लक्ष्मीकाकींनी डिश घेतली आणि विचारलं, “झालं का गो काम?” मी म्हटलं, नाही बहुतेक.

“होईल. तुझी आई कशी हटून बसलेली दारात! मी म्हटलं तिला, बेबी, वेगळी असली तर काय बिघडलं? नाय, सारख्याच होव्यात. सारख्याच म्हणून.”

अकराव्या मजल्यावर साळसकरांनी आत बोलावलं, सरबत दिलं. एका टॉवरमध्ये तीन वर्षं राहून त्यांचं घर आज पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. म्हणाले, “येत जा.” लिफ्टने खाली येताना आरशात स्वतःकडे बघितलं. आईला ‘तू भरणार का फी’ विचारणारी मुलगी ती हीच.

४ जुलै, शुक्रवार

अकरा दिवस उरले. बाबांनी ऑफिसात उचल मागितली. मिळाली तरी निम्मी.

८ जुलै, मंगळवार

मिळाली. चारही वर्षांची.

सकाळी हितेंद्रचा फोन आला, सही करायला या. शिकवण्या सोडून गिरगावात धावले. सुभद्राबाई टेबलापाशी एकट्याच होत्या. सही केली. न विचारता राहवलं नाही, म्हटलं, “बाई, निबंधात मी डिशांचं लिहिलं होतं, आणि तुम्ही आलात तेव्हा...”

“निबंधावर कोणाला देत नाही मी,” त्या म्हणाल्या. “निबंध सगळ्यांचे सारखेच. प्रत्येकीच्या घरात काही तरी फुटकं असतंच. ते शोधून लिहिता तुम्ही.”

त्यांनी माझी फाइल मिटली.

“डिशांवर दिली. कधी न आलेल्या माणसांसाठी जी बाई चार दारं वाजवते, ती मुलीला मध्येच शिक्षण सोडू देणार नाही. आमचे पैसे वाया जात नाहीत तिथे.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “डोळे तपासायला शिकणार ना? आधी माझे तपास.”

घरी सांगितलं. बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, बराच वेळ. आईने हातातली साडी बाजूला ठेवली, देवापुढे साखर ठेवली आणि पुन्हा मशीनवर बसली. डिशांचं काही मी सांगितलं नाही. सांगायचं तर निबंधातली ओळही सांगावी लागेल. तेवढं धैर्य नाही माझ्यात. तिला ती ओळ कधी कळू नये, एवढंच वाटतं.

१२ जुलै, शनिवार

आई आज मार्केटातून सहा डिशा घेऊन आली. स्टीलच्या, एकसारख्या. भांडीवाल्याकडून मागे नाव घालून आणलंय, ‘कु. क्षितिजा आनंदा राऊळ’. सहाही फळीवर लावल्या. बाबांची चेपलेली त्यांच्या शेजारीच.

“आता ती ओळ खोड,” म्हणाली.

“कुठली?”

“डिशांची. झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होती. उभ्या उभ्या वाचली.”