मावशीची जागा

४ मार्च
मावशी चालली! तालीम संपल्यावर अ‍ॅकॉर्डियन पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "गुडघे म्हणतात, बस्स. आता उड्या तुम्ही मारा." लेकीकडे राहायला जाणार. आमचा 'गडबडगुंडा' हा लहान पोरांसाठीचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून पोरांनी स्टेजवर कितीतरी दादा पाहिले, दोन मामा पाहिले, पण मावशी एकच. आणि ताई एकच — मी. दादा बदलला की पोरं थोडी कुरकुरतात, मग विसरतात. मावशीचं तसं होणार नाही.
घरी येऊन रडले. मग जेवले. पोटभर!

९ मार्च
बैठक. मॅनेजर म्हणतो, "बाहेरची कशाला? आपली ताईच मावशी होईल. ताई नवी घेऊ, तरुण." दादा टाळ्या वाजवतोय! गाढव.
मी त्रेचाळीसची आहे, ठाऊक आहे मला. वेणीतली पांढरी बट आत दुमडून टाकते. पण स्टेजवर मी ताई आहे ना!
विरोधात बोलला फक्त मामा. आमचा ड्रमवाला — एकटा जीव, बोलायचे जणू पैसे पडतात त्याला. म्हणाला, "नको. हिला मावशी करू नका." का? ते नाही सांगितलं.
मला मावशी व्हायचं नव्हतंच. पण हा नको म्हणाला आणि तळपायाची आग मस्तकात! मला जमणार नाही असं वाटतं याला?

१० मार्च
होणार. मावशी होणारच.

१७ मार्च
मावशीनं अ‍ॅकॉर्डियन शिकवायला घेतलंय. माझ्या हातात ते शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडतं. ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. "अगं, कुस्ती नाही खेळायची! भाता दमानं ओढ."
मामा दारातून ऐकत होता. मी बघितलं तसा सटकला. खडूस!

२ एप्रिल
मावशी म्हणून पहिला कार्यक्रम. अंबाडा, चष्मा, फुलाफुलांचा झगा. पडदा उघडला आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली — "ही मावशी नाहीये! ताईनं मावशीचे कपडे घातलेत!"
नव्या ताईचा चेहरा पांढराफटक. मी खाली बसले, त्या चिमुरडीच्या कानाशी जाऊन म्हटलं, "श्शू! मी मोठी झालेय."
ती विचारात पडली. मग मोठ्यांदा — "मी पण होणारे! पुढच्या महिन्यात!"
हशा! मामानं ड्रमवर दणका दिला आणि गाडी सुटली. मधेच सूर चुकले, तर पोरांना वाटलं मुद्दाम. पुन्हा चुकव म्हणाली!
मागे जुनी मावशी उभी राहून नाचत होती. गुडघे म्हणे!

३ एप्रिल
सामान भरताना मामाला धरलाच.
"जमलं ना मला?"
"झकास जमलं."
"मग नको का म्हणालास?"
झांज पुसतोय, पुसतोय. कान लालबुंद. शेवटी म्हणाला, "मामा आणि मावशी म्हणजे भाऊ-बहीण झाले ना गं. आणि मी किती वर्षं... म्हणजे, मला मामी हवी होती."

४ एप्रिल
हो म्हटलं! मॅनेजर डोकं धरून बसलाय — मावशी पुन्हा शोधायची.