अर्धा फेरा

४ मार्च, सोमवार
त्या सकाळी मी पाणी भरलं, उशांचे अभ्रे बदलले, दूध तापवलं आणि ह्यांच्या घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. परवाची गोष्ट. हे गेले त्याला अकरा महिने झाले. रोज सातला ह्यांच्यासारखी मीच किल्ली देते. एक दिवस चुकला आणि संध्याकाळी घड्याळ बंद. वेळ लावायला बटण ओढलं, ते दांडीसकट हातात आलं. ओढलं म्हणजे फार जोरात नाही.
रविवारी लेक घड्याळ न्यायला येणार. पुढच्या सोमवारी तिच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस. बाबांचं घड्याळ हातावर हवं म्हणते.

५ मार्च
वाचनालयातून घड्याळदुरुस्तीचं पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, पण छापलेलं सगळं मला कळतं. मागचं झाकण काढून दांडीजवळचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, दांडी आत सारा, स्क्रू आवळा. उद्या दहा मिनिटांचं काम.

६ मार्च, दुपार
अर्धा फेरा फारच कमी वाटला. साडेतीन दिले. आत काहीतरी टक्कन पडलं. धूळ असावी.
दांडी आत जाते. तशीच बाहेर येते.

६ मार्च, संध्याकाळ
पुढचं पान वाचलं. अर्ध्या फेऱ्याच्या वर फिरवल्यास दांडी धरून ठेवणारा आतला खटका सुटतो. अशी वाक्यं आधी छापावीत.

७ मार्च
लेकीचा फोन. म्हटलं, सफाईला दिलंय. अगदीच खोटं नाही, वेळ आली तर देणारच आहे.
पण घड्याळवाल्याकडे जाववत नाही. हे परक्याचा हात लागू द्यायचे नाहीत. वर्षातून एकदा घड्याळ खिशात घालून बाहेर पडायचे. बागेतल्या उजेडात स्वतः साफ करतो म्हणायचे. तासाभरात टिकटिक करत घरी.

९ मार्च
दांडीला मेण लावून बसवली. हलत नाही. लेकीला सांगायचं, नुसतं घाल, किल्ली मी देत जाईन. ती दुसऱ्या गावात राहते, त्याचं बघू.

१० मार्च, रविवार
लेकीने घड्याळ हातात घेतलं आणि मी बोलायच्या आत बापासारखी किल्ली द्यायला लागली. बटण तिच्या चिमटीत आलं. तोंड एवढंसं झालं.
"आई, मी बाबांचं घड्याळ मोडलं गं."
मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, असू दे, जुनंच होतं. एवढंच म्हटलं. ती डोळे पुसत रिकाम्या मनगटाने गेली. बटणाला लागलेलं मेण मी पदराने पुसलं.

११ मार्च, सोमवार
दुकान उघडायच्या आधीच घड्याळवाल्याच्या पायरीवर जाऊन बसले. त्याने डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "साहेबांनी पुन्हा उघडलं वाटतं?"
मी म्हटलं, ते नाहीत आता. त्याने भिंग काढून ठेवलं. मग हळूच सांगू लागला. दरवर्षी हेच. स्क्रू जास्त फिरवायचे, खटका पाडायचे आणि घड्याळ रुमालात बांधून आणायचे. बायकोला कळू देऊ नका, ती मला कारागीर समजते, म्हणायचे.
इतकी वर्षं मी शेजारणींना ह्यांच्या हाताचं कौतुक सांगत होते.
घड्याळ तासाभरात चालू झालं. दुपारी लेकीच्या जेवणाच्या सुट्टीत तिला फोन केला. आधी माझं सांगितलं, मग ह्यांचं.